तुरळक ठिकाणी

पहाटे साडेपाचला नाशिक सोडलं. निघालो होतो नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. पण आडगाव मागे पडेपर्यंत गाडीची काच खाली आणि स्वेटर मागच्या सीटवर. जानेवारीत निफाडच्या रस्त्यावर असं उकडणं बरं नव्हे. रात्री ढगांचं पांघरूण असलं की जमिनीची ऊब वर निसटत नाही, म्हणजे आभाळ आलेलं होतं.

चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या बदकं दिसली, चक्रवाकही दिसले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. पण उजेड असा मळकट की फोटो एकही धड आला नाही. तासाभरात गाडी मामांच्या द्राक्षाच्या मळ्याकडे वळवली.

मामा बांधावरच उभे होते. "काय म्हणतोय तुझा मोबाईल?"

एका ॲपवर चाळीस टक्के पाऊस, दुसऱ्यावर नुसते ढग. हवामान खात्याचा अंदाज: उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलका पाऊस.

"तुरळक म्हणजे माझ्या बागेत का शेजारच्या?"

याला उत्तर नाही. खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस. मामांची बाग दोन एकर, आणि तिथे पाऊस एकतर शंभर टक्के पडतो नाहीतर शून्य.

या सगळ्याचं मूळ पश्चिमी झंझावातात. या पाऊस-बर्फाच्या वाऱ्यांनी भूमध्य समुद्राकडून निघायचं, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर धडकायचं. तिथेही अंदाजवाल्यांची परीक्षाच असते. किलोमीटरभर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे दोन अंशांचा हिशेब चुकला तर बर्फाची रेषा तीनशे मीटर वर-खाली सरकते. एका गावात बर्फ, खालच्या गावात नुसती पावसाची पिरपिर. त्याच झंझावाताचं शेपूट दक्षिणेला लांबलं आणि अरबी समुद्राचं बाष्प त्याला भेटलं, की आमच्याकडे अवकाळी. पण भेट होणार का, कुठे होणार, हे शेवटच्या दिवसापर्यंत हलत राहतं.

"बर्फ पडायचा शिमल्यात आणि झोप उडायची माझी," मामा म्हणाले.

मण्यांत पाणी उतरलंय. आता पाऊस झाला तर मणी तडकणार. फवारणी आत्ता केली आणि दुपारी सर आली तर औषध वाहून जाणार; नाही केली आणि दमट हवा टिकली तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. २०२३च्या नोव्हेंबरातली गारपीट निफाडात कुणीच विसरलेलं नाही, म्हणून ढग गडगडला की माणसं बोलता बोलता थांबतात. मी आपला शहाणपणाने म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांबा. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायला सांगितला. (मामींच्या हातची शेंगोळी हे माझं त्या दिवसातलं एकमेव ठोस यश.)

परतताना चांदोरीजवळ काचेवर टपोरे थेंब पडले. वायपर लावला, दोन किलोमीटर धो-धो, आणि आडगावला रस्ता कोरडा ठाक. गाडी कडेला घेऊन फोन लावला.

"इकडं एक थेंब नाही," मामा म्हणाले. "पण वारं फिरलंय. उत्तरेचं सुटलंय, आभाळ मोकळं होतंय."

म्हणजे पांघरूण निघालं. वर बर्फावरून येणारी कोरडी हवा आता रात्रभर उतरणार, आणि पहाटे पारा कोसळणार.

"मग?"

"मग काय, काटक्या गोळा करतोय. तीनला उठून बागेला ऊब द्यायला शेकोट्या पेटवायच्या. तुझा मोबाईल किती म्हणतो?"

एक ॲप सहा म्हणत होतं, दुसरं नऊ.