डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स, कात्री आणि गोंद

काल कपाट आवरताना फुगाझी या अमेरिकन पंक बँडची कॅसेट सापडली, कॉलेजात मित्राने रेकॉर्ड करून दिलेली, आणि मग आवरणं राहिलं बाजूला.

तर त्यातली गाणी ज्या रेकॉर्ड कंपनीने काढली, ती डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स. १९८०, वॉशिंग्टन डीसी. टीन आयडल्स नावाचा पोरांचा बँड फुटला आणि शोजमधून साठवलेले साधारण ६०० डॉलर उरले. वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची? बँडमधल्या इयन मकाय, जेफ नेल्सन वगैरे मंडळींनी आठ गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली, १००० कॉप्या.

आता कव्हर कुठून आणणार, तर यांनी इंग्लंडहून आलेल्या एका सिंगलचं (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं) कव्हर उकलून सपाट केलं, त्यावरून आउटलाइन काढली, तसं छापून आणलं आणि मग बसले कात्री आणि गोंद घेऊन, एकेक कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिका भरायला बसतात ना घरचे सगळे, अगदी तसंच चित्र येतं डोळ्यासमोर. कव्हरवर फुल्या मारलेले हात आहेत, कारण कमी वयाच्या पोरांना दारू देऊ नये म्हणून क्लबवाले हातावर तशी खूण करायचे.

पुढे याच कंपनीकडून मायनर थ्रेट, मग फुगाझी हे बँड आले. फक्त डीसीचेच बँड घ्यायचे, आणि बँडशी करारबिरार काही नाही, सगळा तोंडी मामला. मला हे आधी निव्वळ वेडेपणा वाटलेलं. पण कंपनी चालू आहे की अजून!

कॅसेटची बी बाजू मात्र गेलीये, नुसती घरघर.