गाळणीत सापडलेला खडा

तीन वर्षांपूर्वी मध्यरात्री डाव्या कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ आली, तेव्हा मुतखड्याचे दुखणे काय असते ते मला पहिल्यांदा कळले. सोनोग्राफीत ४ मिलिमीटरचा खडा दिसला आणि आठवडाभरात तो लघवीवाटे पडूनही गेला. सुटलो एकदाचा, या आनंदात मी तो वाहून जाऊ दिला. पुढे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने टोमॅटो, पालक आणि दूध वर्ज्य केले, हुलग्याचे कढणही नेमाने घेतले. तरी गेल्या वर्षी दुसरा खडा झालाच.

या वेळी डॉक्टरांनी लघवी गाळून खडा जपून ठेवायला सांगितले. त्यासाठी चहाची जुनी गाळणी बाजूला काढली (ती चुकून ओट्यावर परत येऊ नये म्हणून पत्नीने दांड्याला लाल दोरा बांधला) आणि पाचव्या दिवशी तिच्यात मसुराच्या डाळीएवढा, तांबूस खडा सापडला. तपासणीत तो युरिक ॲसिडचा निघाला.

बहुतेकांचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट हे काही भाज्यांत असणारे द्रव्य पालकात भरपूर असते, म्हणून पालक त्यांच्यासाठीच वाईट. दूध सोडणे मात्र त्यांनाही हिताचे नाही, कारण जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. ते कमी पडले की मोकळे ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. खरे पथ्य मिठाचे, म्हणजे लोणचे-पापडाचे, कारण मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते. टोमॅटोत तर ऑक्झलेट कमीच असते.

युरिक ॲसिडच्या खड्याचे मूळ लघवीच्या आम्लतेत आहे. लघवीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सतत ५.५ च्या खाली राहिला की हे आम्ल विरघळत नाही. मधुमेह, स्थूलपणा आणि भरपूर मांसाहार यांनी ही शक्यता वाढते. हा खडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, म्हणून माझा सीटी स्कॅन केला, तेव्हा उजव्या मूत्रपिंडात ७ मिलिमीटरचा आणखी एक खडा आढळला.

जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइटचा खडा पूर्ण काढावाच लागतो. सिस्टीन या अमिनो आम्लाचा दुर्मीळ खडा आनुवंशिक दोषातून होतो. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. त्याहून मोठ्यांसाठी, आकार आणि जागा पाहून, बाहेरून ध्वनिलहरींनी फोडणे, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेसरने चुरा करणे किंवा पाठीतून छोटे छिद्र पाडून काढणे असे मार्ग आहेत. कळ येत असताना थंडी वाजून ताप आला, तर मात्र पाणी पीत घरी थांबू नये. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला तर जिवावर बेतते आणि त्याच दिवशी नळी घालून ती मोकळी करावी लागते.

माझ्या उजवीकडच्या खड्याला यातले काहीच करावे लागले नाही, कारण युरिक ॲसिडचा खडा औषधाने विरघळू शकतो. लघवीची आम्लता कमी करणारे पोटॅशियम सायट्रेट घेऊन मी सामू ६.५ च्या आसपास ठेवत होतो आणि तो रोज कागदी पट्टीने तपासत होतो, कारण सामू फार वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरू लागतात. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी इतके पाणी पीत होतो आणि मटण महिन्यातून एकदाच खात होतो. चार महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये तो खडा दिसला नाही, आणि त्याच संध्याकाळी मी टोमॅटोची कोशिंबीर मागून घेतली.