साठ रुपये वाचवले त्याची गोष्ट

जुलै २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, २३९चा प्लॅन २९९ झाला, तेव्हापासून डोक्यात राग होताच. शेवटी अडीच महिन्यांपूर्वी स्वस्तातल्या कंपनीत नंबर पोर्ट केला आणि घरात चार दिवस शहाणपण मिरवलं.

आज आईला घेऊन मिरजेला डॉक्टरकडे गेलो. मेडिकलवाल्याचं बिल ८४० रुपये, खिशात रोख दीडशे. क्यूआर स्कॅन केला, पैसे जाईनात. गोल चक्र फिरतंय आपलं! दुकानाबाहेर आलो, फोन वर धरला, विमान मोड चालू-बंद केला. मागे रांग. आई म्हणाली, "माझ्या फोनवरून बघ की." तिचा जुनाच नंबर, तिच्या हॉटस्पॉटवर दोन सेकंदांत काम झालं.

तिला मीच म्हणालो होतो, तूही बदल. तर म्हणे, "पेन्शनचा ओटीपी येतो त्यावर, नको बाबा." तेव्हा हसलो होतो. गावाकडे माणसं दर बघत नाहीत, आपल्या माळावर कुणाची रेंज येते ते बघतात.

संध्याकाळी १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवला. नकार आला. पोर्ट केल्यावर नव्वद दिवस त्याच कंपनीत काढावे लागतात, ते भरायला अजून अकरा बाकी आहेत म्हणे.

तोवर आईच्या हॉटस्पॉटवर.