टण की थप

परवा दुपारी सिंकखालच्या कपाटाचं दार हातात आलं. बिजागरीसकट. स्क्रू होते तिथला प्लाय इतका भुसभुशीत झालेला की बोटाने टोकरला तर चहाच्या चोथ्यासारखा खाली पडायला लागला. सुताराला बोलावलं, तो आला, मोबाईल खिशात टाकला, आणि काही न बोलता मधल्या बोटाच्या पेराने कपाटाच्या कडेवर ठोकत सुटला. टण, टण, टण, थप. "इथपर्यंत गेलंय साहेब," म्हणाला आणि पेन्सिलीने रेघ मारली. मी ओट्याला टेकून उभा, हातात चहाचा कप, ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि डोक्याने थेट मालवणजवळच्या देवबागला, मामाच्या बोटीपाशी.

मलाही ठोकून बघायची खोड आहे हे आधी सांगून टाकतो. कलिंगड, माठ हे सगळेच ठोकतात, त्यात काय मोठं. पण मी लग्न ठरल्यावर सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांचं जुनं शिसवी कपाट ठोकून बघितलं होतं, ते बायको अजून चारचौघात ऐकवते. घराच्या टाइल्स बसवल्या तेव्हा मी रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाइल वाजवली आणि पोकळ निघाल्या त्यांवर खडूने फुल्या मारल्या, कॉन्ट्रॅक्टर परत दिसला नाही. कुठेतरी वाचलं होतं की डॉक्टर लोक पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतात ना, ती युक्ती १७६१ साली औएनब्रुगर नावाच्या एका ऑस्ट्रियन डॉक्टरने छापून आणली, आणि त्याचा बाप खानावळवाला होता, दारूची पिंपं कुठपर्यंत भरलीत ते ठोकून सांगायचा. वाचलं आणि इतका आनंद झाला की बायकोला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, मग तू निदान डॉक्टर तरी व्हायचंस.

माझी खोड मामाची. नारळी पौर्णिमेला मालवणात नारळ लढवतात, एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा, ज्याचा फुटला तो गेला. मामा आदल्या रात्री वीस-पंचवीस नारळ पुढ्यात घेऊन पडवीत बसायचा, एकावर एक हळूच टेकवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि दोनच बाजूला काढायचा. आम्ही पोरं श्वास धरून. मामी आतून ओरडायची की बाकीच्यांचं खोबरं तरी किसू दे. एवढं करून मामा जिंकल्याचं मला काही आठवत नाही.

तर ती बोट. मामाची फायबरची बोट होती, बावीस फुटी, आधी मासेमारीची आणि मग देवबागला पर्यटक यायला लागल्यावर डॉल्फिन दाखवायची. मागे चाळीस घोड्यांचं आउटबोर्ड मशीन. ते मशीन जिच्यावर टांगतात ती मागची उभी फळी, इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात, आम्ही मागची फळीच म्हणतो. अख्खी बोट ढकलली जाते ती त्या फळीवरून, सत्तर-पंचाहत्तर किलोचं वजन टांगलेलं ते वेगळंच. आणि ती दिसते फायबरची पण नुसती फायबरची नसते, बाहेर फायबर, आत फायबर, मध्ये प्लाय. सँडविच. मधलं सारण कसं आहे ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मे महिनाभर तिकडे पडून होतो. एका सकाळी नदी-समुद्राच्या संगमाकडून परत येताना मामाने थ्रॉटल वाढवला आणि मागे वळून बघितलं. परत कमी केला, परत वाढवला. "बघ, मान हलयता," म्हणाला. मला काही दिसेना. मग दिसलं, थ्रॉटल दिला की मशीन बारीकशी मान डोलवत होतं, कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. किनाऱ्याला लागल्यावर बघितलं तर खालच्या बोल्टाखालून तपकिरी ओघळ आलेला, कोणीतरी तंबाखू थुंकल्यासारखा.

मामाने खिशातून पाना काढला आणि त्याच्या दांड्याने फळी ठोकायला लागला. वर टण, टण. बोल्टांच्या जवळ थप. खाली ड्रेनच्या भोकाच्या आसपास तर थपसुद्धा नाही, ओल्या गोणपाटावर मारल्यासारखं काहीतरी. "रे झिला, हेका हात लाव," म्हणाला. फायबर गुळगुळीत, पांढरंशुभ्र, वर देवीचं नाव रंगवलेलं. "भायरसून नवरी, आतसून कुसकी."

फायबरवाला आला तो कपाळाला आठ्या घालूनच. मे महिना, पर्यटकांची गर्दी, एकेक दिवस बोट उभी म्हणजे मामाच्या पोटात गोळा. मामाचं म्हणणं वरून एक पट्टी मार, पावसात बोट वर ओढली की मग निवांत करू. फायबरवाला म्हणाला पावसात हवा ओली, लाकूड ओलं, ओल्या लाकडाला रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायची पातळ राळ, धरत नाही, करायचं तर आत्ता. आणि मग त्याला आधीच मारलेली एक पट्टी सापडली. "कोणी मारल्यान ही?" मामा समुद्राकडे बघायला लागला. दोन वर्षांपूर्वी मामानेच मारली होती, मला माहीत होतं, मी डबा धरला होता.

आतली फायबरची कातडी ग्राइंडरने चौकोन कापून काढली, बाहेरची तशीच ठेवली. आतलं जे निघालं ते प्लाय होतं यावर माझा विश्वास बसेना. वरचा वीतभर भाग करकरीत, पिवळा, त्याच्या खाली काळपट आणि त्याच्याही खाली मूठभरून काढता येईल असा लगदा. मी खुरप्याने काढत होतो आणि घमेल्यात टाकत होतो. वास म्हणाल तर पहिल्या पावसानंतर वारुळावर अळंबी उगवतात ना, तसा, खरं तर वाईट नाही. मुंग्या निघाल्या. दुपारपर्यंत चार घमेली झाली आणि मामी येऊन बघून गेली, म्हणाली माडाच्या मुळात घाला.

मला वाटायचं समुद्राच्या पाण्यानेच कुजली असणार. फायबरवाला म्हणाला नाही, खाऱ्या पाण्याने लाकूड तेवढं कुजत नाही, गोड्या पाण्याने कुजतं. कुजवते ती बुरशी, आणि तिला मीठ मानवत नाही. बोल्टाच्या भोकाचं जुनं सीलंट सुटलेलं, त्यातून पावसाचं पाणी आत जायचं आणि दोन्हीकडून फायबर असल्यामुळे परत बाहेर यायला वाट नाही. म्हणजे बोट समुद्रात आठ महिने लाटा खात होती तेव्हा तिला काही झालं नाही, घरासमोर माडाखाली झापांनी शाकारून चार महिने आराम करत होती तेव्हा कुजली. मामाला हे काही पटलं नाही, तो दोन-तीनदा म्हणाला, "आरामात?"

मामाच्या वडिलांची रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी होती, शिवलेली. खिळा नाही, फळीला फळी काथ्याच्या सुंभाने शिवलेली. शिवण सैल झाली की दिसायची, उसवायची, परत शिवायची, वरून तेल पाजायचं. मी ती होडी फक्त उलटी पडलेली बघितलीय, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्याखाली. आजोबा म्हणे फायबरची पहिली बोट बघायला गेले आणि तिच्याभोवती फिरून आले आणि एवढंच म्हणाले की हिची शिवण खंय आसा?

बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला. फळी सरळ उभी नसते, थोडी मागे रेललेली असते, आरामखुर्चीच्या पाठीसारखी, आणि उंचीत इंचाचा फरक पडला तर पंखा हवा तरी खातो नाहीतर उगाच खोल बुडतो, त्यामुळे तो पुठ्ठा पाच वेळा लावून बघितला. मग एकोणीस एमएमचे दोन प्लाय, मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारे, सातशे दहा नंबरचे, एकमेकांना रेझिनने चिकटवून शिकंजात आवळून रात्रभर ठेवले. कडा रेझिन पाजून बंद केल्या, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. रेझिनमध्ये ते लवकर सुकवणारं कोबाल्ट आधी, ते नीट ढवळायचं, मग घट्ट करणारा हार्डनर, आणि कोबाल्ट-हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. हे त्याने मला तीनदा सांगितलं आणि दोन्ही बाटल्या झोपडीच्या दोन टोकांना ठेवल्या, मध्ये मला बसवलं. हार्डनर पडला की पंधरा-वीस मिनिटं हातात, मग रेझिन डब्यातच गरम व्हायला लागतं. साडेचारशेची मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, ब्रश, रोलर, बुडबुडे काढ, परत मॅट. तीन दिवस अंगाला खाज.

सगळ्यात मला आवडलं ते शेवटचं. बोल्टाचं भोक त्याने हवं त्याच्यापेक्षा बरंच मोठं पाडलं. मामा ओरडलाच. मग त्याने ते घट्ट रेझिन भरून बुजवलं, सुकू दिलं, आणि त्याच्या मधोमध परत बोल्टाच्या मापाचं भोक पाडलं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही, पाणी आलंच तर रेझिनपाशी थांबतं. चार बोल्टांना चार वेळा. त्यात अख्खा दिवस गेला आणि मामाच्या दोन फेऱ्या बुडाल्या, त्या त्याने पुढे कितीतरी वर्षं मोजून दाखवल्या.

मशीन चढवल्यावर मामाने पान्याने फळी ठोकली. टण. खाली टण. ड्रेनपाशी टण. मग मला दिला पाना.

मामाला दोन वर्षांपूर्वी धाप लागायला लागली तेव्हा त्याला मीच दवाखान्यात घेऊन गेलो होतो. बोट तोपर्यंत मामेभावाकडे गेलेली, मामा दिवसभर पडवीत. स्टुलावर शर्ट काढून बसला, डॉक्टर तरुण होता, त्याने पाठीवर डावं बोट ठेवलं आणि उजव्याने ठोकायला सुरुवात केली. वरून खाली. टण, टण. फासळ्यांच्या खाली आला आणि थप. परत केलं त्याने. थप. दुसऱ्या बाजूला टण. डॉक्टर काही बोलला नाही, एक्सरे लिहून द्यायला लागला. मामाने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"पाणी शिरलां हा," म्हणाला.

बोट अजून चालते, फळी तीच आहे. सिंकखालचं कपाट अजून तसंच उघडं पडलंय, पेन्सिलीची रेघ दिसते. सुताराचे दोन फोन येऊन गेले, मी उचललेले नाहीत.