रेंजचा फणस

दुपारी जेवून काका झोपाळ्यावर आडवे झाले होते. फोन वाजला. ते उठले, पायांत वहाणा सरकवल्या आणि खळं ओलांडून भर उन्हात गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. घरात रेंज आहे. माडांना वायर गुंडाळत आणलेलं वायफायसुद्धा आहे. तरी काकांचं "हां, बोल" गडग्यापाशीच फुटतं.

कारण तिथे फणस होता. कापा. आमचं गाव दापोली तालुक्यातलं, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात बसलेलं. खाडीपलीकडच्या सड्यावरचा टॉवर दिसायचा तो तेवढ्याच जागेवरून. बुंध्याला डावीकडून टेकलं की दोन दांड्या. उजवीकडून टेकलं की एकही नाही. संध्याकाळी शेजारच्या चार घरांतली माणसं फणसाखाली यायची. एकाचं बोलणं बाकीचे ऐकायचे, त्यामुळे वाडीत कुणाला मुद्दाम काही सांगायला लागत नसे.

त्याआधी बाजारपेठेतलं पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून आजी बॅटरी घेऊन निघायची, सोबतीला मी. काचेच्या खोक्यात शिरली की तिची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. मुंबईच्या आत्याला एका दमात, "बरी आहेस ना, पेटी लावून दिल्ये, वरचे आधी खा, ठेवते." आत्याच्या वाट्याला फक्त हॅलो यायचं. पुढे मोबाइल आले. इनकमिंग तर २००३पासून फुकटच. आत्या म्हणायची, "आई, तुला पैसे पडत नाहीत गं, निवांत बोल." "तुला पडतात ना?" असं म्हणून आजी ठेवून द्यायची.

काकांना मी हसतो खरा, पण पुण्यात फोन आला की मीही चप्पल शोधत गॅलरी गाठतो. तिथे तर कधी फणसही नव्हता.

३ जून २०२०ला निसर्ग वादळात तो फणस मुळासकट आडवा झाला. टॉवर गेले, वीज गेली ती कित्येक दिवस. त्या दिवसांतही काका बंद पडलेला मोबाइल खिशात घालून संध्याकाळी गडग्यापर्यंत जाऊन येत. कशाला, असं काकूनेही विचारलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी घामाघूम होऊन काका परत आले.

"कोण होतं?"

"कोण नाही रे. लोन पाहिजे का, विचारत होती."

"एवढा वेळ?"

"ती ठेवीना," म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.