आखाजीच्या आठवड्यात दोन तुटके स्टड

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, दुपार

अ‍ॅम्बेसेडर मार्क टू, 1489 सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं पेट्रोल इंजिन. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका धूर गोळा करणारा नळ, हेडला स्टडने धरलेला असतो. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट. मागच्या टोकाचा स्टड आज नटासकट तुटला. सिलिंडर हेडबाहेर जेमतेम चार मिलिमीटर उरलाय.

तुटलेलं तोंड कापडाने पुसून उजेडात धरलं. मोठा भाग काळपट-तपकिरी, गंजलेला. कडेला तेवढी चंद्रकोरीएवढी जागा नव्या पत्र्यासारखी चकचकीत. म्हणजे स्टडला चीर फार आधीच पडलेली होती, आज फक्त ती कोर धरून होती. जोर लावण्याआधी असं तोंड दिसलं असतं तर पाना लागलाच नसता. बाकीच्या नटांना आता तसाच पाना लावायचा नाही.

पान्यातून स्टडची भाषा कळते. नट सुटताना आधी एक कोरडा झटका बसतो, मग सलग फिरतो. पाना स्प्रिंगसारखा लवायला लागला आणि सोडल्यावर मागे आला, तर आटे सुटत नाहीयेत, स्टड पिळतोय. तिथेच थांबायचं. आणि पाना अर्ध्या इंचाचाच हवा. हे आटे इंची आहेत. 13 नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेवढ्या ढिलाईत गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात.

समोरच्या टोकाला आणखी एक सापडला. कधीकाळी कुणीतरी तोडून तसाच ठेवलेला, वर सिलंट थापलेलं. हा पृष्ठभागाच्या सपाटीत आहे, पकडायला काहीच नाही.

मॅनिफोल्ड, कार्बोरेटर काढून ठेवला, पेट्रोलच्या नळीला बूच मारलं. दोन्ही स्टड वायर ब्रशने साफ करून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून थेंब-थेंब सोडलं. हे मिश्रण टिकत नाही, वेगळं होतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. अ‍ॅसिटोन आगीला लगेच धरतं, त्यामुळे आज ज्योत किंवा वेल्डिंग काही नाही. हातोडीने मधूनमधून सरळ स्टडच्या तोंडावर हलके ठोके. जोराचा ठोका नको, गंजाची कपची हलली आणि तेलाला वाट मिळाली की पुरे.

आखाजी

काम नाही. सकाळ-संध्याकाळ तेल सोडलं एवढंच. घाई करणाऱ्या हातांना सण बरा आवरतो.

उन्हाबद्दल एक गैरसमज इथे कायम ऐकू येतो: 44-45 अंशांत गाडी तापली की बोल्ट आपोआप ढिले होतात. होत नाहीत. उन्हात हेड आणि स्टड दोन्ही सारखेच तापतात, सारखेच फुगतात. दोघांच्या फुगण्यात फरक पडला तरच उष्णतेने गंजाची पकड तुटते. फियाट 1100 किंवा पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून तिथे नुसत्या गरम करण्याचाही उपयोग होतो. धोकाही तिथेच जास्त: अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच वितळतं, डोळ्यांना काही इशारा मिळत नाही. अ‍ॅम्बेसेडरचं हेड बिडाचं (कास्ट आयर्नचं) आहे, ते आच सोसतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाच

वेल्डिंग पहाटेच, दुपारी व्होल्टेज बसतं आणि आर्क धरत नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. अर्थचा चिमटा हेडवरच, स्टडजवळची जागा घासून लावला. तो बंपरला अडकवला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. तेल पुसून जागा कोरडी केली, शेजारी वाळूची घमेली.

चार मिलिमीटर उरलेल्या स्टडवर 3/8 इंचाचा नट ठेवला. स्टड 5/16 चा आहे, नट मुद्दाम एक साइझ मोठा, म्हणजे वेल्डिंगची सळई आत पोचते. नटावरचा जस्ताचा मुलामा ग्राइंडरने काढायलाच हवा. तो जळला की पांढरा धूर येतो, अंगात ताप भरतो आणि वेल्डही पोकळ होतं. सळई अडीच मिलिमीटरची, करंट 80 अ‍ॅम्पियर. आर्क स्टडच्या मध्यावर धरून तळापासून वर भरत यायचं. नटाच्या कडेला नुसता टाका मारला की फिरवताच नट सुटून येतो. पहिला नट तसाच सुटला. दुसरा नीट भरला.

लाली गेल्यावर मिनिटभर थांबून सांध्याला मेणबत्ती टेकवली. मेण पातळ होऊन गरम आट्यांत ओढलं जातं. बारीक धूर निघाला, सांध्यापाशी मेण फुगलं आणि गडप झालं. मग पाना. आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा, मग उलटा, परत पुढे. घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढी हालचाल मिळाली की अर्धं काम झालं. इथे खूष होऊन सलग फिरवू नये. सुटलेला गंज आट्यांत भरतो आणि स्टड पुन्हा अडकतो. तेल, मागे-पुढे, तेल. वीस मिनिटांनी अख्खा बाहेर आला. आटे शाबूत, वर लालसर भुकटी.

त्याच दिवशी, नऊ वाजता

समोरच्या स्टडचं काम अवघड. सपाटीतल्या स्टडवर हाताने ड्रिल धरलं की ते सरकतं, कारण तुटलेलं तोंड तिरकं असतं आणि पोलादापेक्षा शेजारचं बीड लवकर कापलं जातं. म्हणून मॅनिफोल्डलाच जिग, म्हणजे ड्रिल जागेवर धरणारा साचा, केलं. तो उरलेल्या स्टडवर बसवला आणि त्याच्या भोकात लेथवर वळवून आणलेलं पोलादी बुश (आरपार भोकाची नळी) घातलं: बाहेरून भोकाच्या मापाचं, आतून 3 मिलिमीटर. ड्रिल बरोबर मध्यात उतरलं. खोलीच्या खुणेसाठी ड्रिलवर टेप गुंडाळली, कारण मागे पाण्याची वाट असू शकते. पुढे बुश काढून 5 मिलिमीटर, उलट्या पिळाच्या ड्रिलने. ते सुटायच्याच दिशेने कापतं, पुष्कळदा स्टड त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो. हा आला नाही.

या टप्प्यावर इझी आउट (भोकात अडकवून उलटा फिरवायचं उलट्या आट्यांचं हत्यार) ठोकायचा मोह होतो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. निमुळता इझी आउट आत शिरताना पातळ झालेल्या स्टडची भिंत बाहेर दाबतो, म्हणजे सोडवायचं तेच जास्त आवळतो. शिवाय तो इतका कडक असतो की आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. मग कार्बाइडचं ड्रिल, नाहीतर हेड उतरवून स्पार्क इरोजनवाली (ठिणगीने धातू झिजवणारी) टूलरूम शोधा. साध्या कामाचं आठवड्याचं काम होतं.

त्याऐवजी शेवटचं ड्रिल साडेसहा मिलिमीटरचं. 5/16 च्या जाड आट्यांच्या टॅपचं, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराचं, हेच माप. स्टडची फक्त आट्यांची सालपटं उरली. टोकदार सळईने पहिला वेढा सोडवला आणि पकडीने ओढल्यावर स्प्रिंगसारखी तार निघत आली. मग टॅप: इंचाला 18 आट्यांचा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. बिडाला तेल लागत नाही, त्यातलं ग्रॅफाइट पुरतं. तेल घातलं तर चुऱ्याचा चिखल होतो. शेवटी तळापर्यंत जाणारा बॉटमिंग टॅप आणि हवेचा झोत, डोळ्यांवर चष्मा लावून.

इथे एम-8 चा (8 मिलिमीटरचा मेट्रिक) टॅप किंवा बोल्ट चालवणारे पुष्कळ. व्यास जवळपास तोच, 7.94 आणि 8 मिलिमीटर, म्हणून दोन-तीन फेरे जातोसुद्धा. पण इंची आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.41 मिलिमीटर आणि एम-8 चा 1.25. पुढे तो जुने आटे खातच जातो. ड्रिल सरकून आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं: 8.3 चं ड्रिल, त्याचाच खास टॅप, मग वेटोळं.

संध्याकाळी

नवे स्टड दोन नट एकमेकांवर आवळून बसवले. हेडमध्ये जाणारं तोंड जाड आट्याचं, बाहेरचं बारीक आट्याचं, तेव्हा उलटं लावू नये. बाहेरच्या आट्यांवर कॉपर ग्रीस, नट पितळी. पितळ पोलादाशी गंजून एकजीव होत नाही, आणि पुढे कधी जोर पडलाच तर स्टडऐवजी नटाचे आटे जातात. मॅनिफोल्डचं तोंड पट्टी लावून तपासलं, नवं गॅस्केट, मधल्या नटापासून बाहेरच्या टोकांकडे दोन टप्प्यांत, 15 फूट-पौंडांपर्यंत.

इंजिन वीस मिनिटं चालवलं, मॅनिफोल्डजवळ फुसफुस नाही. रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी पुन्हा टॉर्क पाना लावला तेव्हा समोरचे दोन नट जवळपास पाव फेरा आत गेले.