आमची वाटचाल: नावं घालण्यापासून प्लेटपर्यंत

आमचं दुकान मूळचं भांड्यांवर नावं घालायचं. नाशिकच्या भांडीबाजारात तांब्या-पितळेची खरेदी झाली की गिऱ्हाईक आमच्याकडे वळायचं. लग्नसराईत वडिलांना जेवायला फुरसत नसे. अक्षरामागे पैसे, त्यामुळे लांबलचक आडनावाची माणसं वडिलांची लाडकी! पुढे विजेवरची पेनं आली आणि भांडेवाले स्वतःच नावं घालू लागले.

प्लेटचं, म्हणजे चित्र छापण्यासाठी तांब्याचा पत्रा कोरायचं काम आलं ते एका प्रिंटमेकिंगच्या शिक्षकांमुळे. तांब्याचा पत्रा घेऊन आले, म्हणाले, ‘यावर कोराल का?’ छिन्नी-हातोडीने टिंबं उठवणारा आमचा हात. इथे हातोडी नाहीच. ब्युरिनची, म्हणजे टोकदार कोरणीची मूठ तळहातात धरून टोक पुढे ढकलायचं, तांब्याची बारीक तार वळत वर येते. वळणदार रेघ हवी तर हात वळवायचा नाही, चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर प्लेट फिरवायची. रेघेच्या काठावर उठलेली धार स्क्रेपरने काढायची. ब्युरिनला धार आली की नाही, हे अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं: घसरलं तर परत दगडावर.

मग शाई चोळायची, मलमलने वरची पुसायची. रेघांत उरते तेवढीच कामाची. ओलसर सुती कागद ठेवून प्लेट रोलरखालून काढली की कागद खाचेत शिरून शाई उचलतो. प्लेटच्या कडा आधी कानसून उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर कागद कापला जातो.

नाशिकचं नाव घेतलं की हमखास प्रश्न येतो, ‘नोटा छापता का?’ नाही हो! ते काम 1928 पासून नाशिकरोडच्या प्रेसचं. पण शंभराच्या नोटेवरची गांधीजींची प्रतिमा बोटाला खरखरीत लागते, ती याच जातीच्या छपाईमुळे. आणि हे काही परकं कसब नाही. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याच्या तांबटाने गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरायला घेतली होती, 1805 मध्ये ती मिरजेत छापून झाली.

धंदा म्हणाल तर बेताचाच. बरेच चित्रकार एचिंग, म्हणजे ॲसिडने रेघा खोदायचं काम, स्वतः करतात, ते लवकर होतं. लेझरवाला आमच्यापेक्षा स्वस्त पडतो. घाई असेल तर आम्हीच तिकडे पाठवतो. आमच्याकडे येतात ते रेघेसाठी. ब्युरिनची रेघ केसासारखी सुरू होते, दाब वाढला की मधे फुगते आणि पुन्हा बारीक होत संपते. दर आता अक्षरावर नाही, प्लेटचा आकार आणि रेघांची दाटी बघून सांगतो. आगाऊ रक्कम मात्र घेतोच, तांब्याचा भाव कुणाच्या हातात नाही.

काम द्यायचं असेल तर चित्र नेहमीसारखं सरळ द्या. छपाईत डावं-उजवं होतं म्हणून बरेच जण आधीच उलटं करून आणतात, आम्ही ते पुन्हा उलटं करतो, आणि मग सहीच उलटी छापून येते.